माझ्या भाकरीला टाळ्या

भाकरी फुगली आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

जळगावातल्या एका सभागृहाचं व्यासपीठ. टेबलावर गॅसची शेगडी, तवा, परात, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. मागे फलक : 'दिव्यांग भगिनींच्या स्वावलंबनाचे प्रात्यक्षिक'. टेबलापुढे मी. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "वा बेटा, शाबास!"

या 'बेटा'चं वय तेहतीस होतं.

व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या. उतार नव्हता. दोन स्वयंसेवकांनी न विचारता माझ्या बगलेत हात घातले आणि मला उचलून वर ठेवलं. कुबड्या खालीच राहिल्या. स्वावलंबनाचा कार्यक्रम असा सुरू झाला.

मला लहानपणी पोलिओ झाला. पाय गेले. हात गेले नाहीत. जामनेर तालुक्यातल्या आमच्या घरी मी दहाव्या वर्षापासून भाकरी थापते. तिथे कधी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाकरी जाड झाली तर आई बोलायची, एवढंच.

खाली आले तेव्हा अक्का हसत होती. अक्का माझ्या खोलीत राहते. साक्रीकडची, पन्नाशीची, जन्मापासून आंधळी. तिने विचारलं, "भाकर फुगनी का पाव्हना फुगनात वं?"

मी म्हटलं, "दोन्ही."

आम्ही राहतो ती संस्था स्वतःला स्वावलंबन केंद्र म्हणवते. तिथे सायंकाळी सात वाजता फाटक बंद होतं. भाजी आणायला जायचं तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं. प्रत्येकीच्या फॉर्मवर 'पालकाचे नाव' असा रकाना आहे. माझ्या रकान्यात संस्थेच्या अध्यक्षांचं नाव आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत.

मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात मुद्रितशोधक आहे. तीनचाकी स्कूटरवरून जाते, बातम्यांतल्या चुका काढते, परत येते. त्या भाकरीनंतर काही महिन्यांनी मला एक खोली सापडली. तळमजला, दाराला पायरी नाही, मोरी रुंद, ऑफिसपासून दहा मिनिटं. इतकी सोयीची खोली मी याआधी पाहिली नव्हती. घरमालक दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. लोक त्यांना नाना म्हणतात. नानांनी भाडं सांगितलं, मी हो म्हटलं. मग त्यांनी कुबड्यांकडे पाहिलं.

"तुम्ही एकट्या राहू शकता, असं तुमच्या केंद्राचं पत्र आणा. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात नको."

मी भाऊंकडे गेले. भाऊ हसले.

"घाई काय आहे? वार्षिक कार्यक्रम होऊ दे. यंदाही भाकरी तूच कर. लोकांना आवडली होती. मग पत्राचं बघू."

खोली मिळावी म्हणून पत्र. पत्र मिळावं म्हणून भाकरी. मी हो म्हटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी माझ्या टेबलावर केंद्राचं प्रसिद्धिपत्रक आलं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. बातमी भूतकाळात होती. भाकरी फुगली होती. मान्यवर भारावले होते. आणि पुढे माझ्या नावानिशी छापलं होतं : "तिच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले. 'भाऊंच्या आधाराशिवाय मी काहीच नाही,' असे ती म्हणाली."

मी कागद उपसंपादकांकडे नेला. म्हटलं, "हे अजून झालेलं नाही."

"उद्या होईल ना? तू फक्त शुद्धलेखन बघ. भाऊ आपले जाहिरातदार आहेत."

शुद्धलेखनात एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच सभागृह, त्याच चार पायऱ्या. स्वयंसेवक आले. मी म्हटलं, "हात लावायचा नाही." मग मी पायऱ्यांवर बसले आणि बसल्या बसल्या, हातांवर जोर देत, एकेक पायरी मागे सरकत वर गेले. साडी मळली. वेळ लागला. निवेदिका माईकवरून दोनदा म्हणाली, "टाळ्या झाल्या पाहिजेत." टाळ्या झाल्या. कुबड्या मात्र मी मागून घेतल्या.

शेगडी पेटवून ठेवली होती. तवा तापला होता. मी शेगडी बंद केली आणि माईक घेतला.

"या कार्यक्रमाची बातमी मी काल वाचली. तिच्यात मी रडले आहे. आज मी रडणार नाही आणि भाकरीही करणार नाही. साहेब, तुम्ही करा. मी टाळ्या वाजवते."

प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी होते. ते हसले. "मला कुठली येते?"

"मग घरी कोण करतं?"

"आमच्या मिसेस."

"कपडे?"

"बाई येते धुवायला."

"गाडी?"

आता ते हसत नव्हते. "ड्रायव्हर आहे. तुला म्हणायचंय काय?"

"एवढंच, की तुम्ही एकटे राहू शकता असं पत्र तुमच्याकडे कोणी मागत नाही."

सभागृह गप्प झालं. अक्काला दिसत नाही, पण शांतता तिला आपल्यापेक्षा आधी कळते. पहिल्या रांगेतून तिचा आवाज आला, "आते काबर चूप शेतस बठ्ठा? वाजवा ना टाळ्या!"

कोणी वाजवल्या नाहीत. भाऊंनी निवेदिकेला खूण केली. माझा माईक बंद झाला आणि स्वागतगीत सुरू झालं.

बातमी आली. रडण्याचं वाक्य गाळलं होतं. बाकी सगळं होतं. मान्यवर भारावले होते. मी न केलेली भाकरी फुगली होती, गेल्या वर्षीच्या फोटोसह. उपसंपादक म्हणाले, "तू यात पार्टी आहेस. तू बोलू नकोस."

भाऊंनी मला केंद्रातून काढलं नाही. काढलं असतं तर दुसऱ्या कुठल्या तरी वर्तमानपत्रात बातमी झाली असती. त्यांनी फक्त पत्र दिलं नाही. "तुझी मानसिक तयारी नाही," म्हणाले.

मग पत्र मीच लिहिलं. 'मी या खोलीत एकटी राहणार आहे. मला मदत लागेल. कधी आणि कोणाची, ते मी ठरवीन. माझ्या राहण्याला मी जबाबदार आहे.' खाली सही. अक्काने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना अंगठा लाव ना खाले. मी साक्षीदार."

मी म्हटलं, "नको अक्का. दुसरी सही आली की पुन्हा तेच झालं."

तिने पुढे केलेला अंगठा मागे घेतला. मग म्हणाली, "खरं शे."

नानांनी पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिलं. "सही दुसऱ्या कोणाची तरी पाहिजे."

"तुमचा आधीचा भाडेकरू कोणाची सही घेऊन आला होता?"

"त्याचं वेगळं. तो धडधाकट होता."

"तो गेला का?"

"तीन महिन्यांचं भाडं बुडवून पळाला," नाना म्हणाले. म्हटल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. तरी खोली दिली नाही. दाराला पायरी नसलेली, रुंद मोरीची ती खोली अजून रिकामी आहे. ऑफिसला जाताना रोज दिसते.

त्यानंतर आणखी दोन घरमालकांनी पत्र वाचून नाही म्हटलं. चौथ्या घराचा पत्ता मिळाला आहे. रविवारी जाणार आहे. पत्र तेच, सही एकच. नाही म्हणाले तर पाचवं घर. केंद्राच्या पुढच्या कार्यक्रमाला भाकरी करणारी दुसरी कोणीतरी भाऊ शोधतील. तिला मी आधीच गाठणार आहे.