दिनानाथ तांडेलाची मुंबई

दिनानाथ तांडेलाला मुंबईबद्दल कुणी काही सांगायला गेलं, की तो हात वर करून त्याला थांबवायचा. "मना सांगतंस? चाळीस वर्सं जातंय मी मुंबैला." रेवसजवळच्या त्या कोळीवाड्यात हे वाक्य पोराटोरांनाही पाठ होतं. आणि ते खोटं नव्हतं. विशीत त्याने तांडेल म्हणून होडीचं सुकाणू धरलं, तेव्हापासून त्याची होडी मासळी घेऊन भाऊच्या धक्क्याला लागत आली होती. जाळं दुरुस्त करत बसला की तो अशा काही गोष्टी सांगायचा, की मुंबईच्या गल्ल्या याच्या पडवीतूनच सुरू होतात असं वाटावं. तिथे म्हणे जोडभाऊ नावाच्या दोन उंच इमारती आहेत, एकीसारखी दुसरी. कंदील नावाची एक आहे, तिच्या माथ्यावर रात्रभर लाल दिवा. आणि म्हातारी नावाची एक, बुटकी, जुनी, काळ्या छपराची.

खरी गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. धक्क्याच्या फाटकाबाहेर तो आयुष्यात एकदाच गेला होता, एकोणिसाव्या वर्षी, चहा प्यायला. परतताना वाट चुकला, तीन तास भटकला, आणि शेवटी एका हवालदाराने दंडाला धरून त्याला धक्क्यावर आणून सोडलं. धक्क्यावरचे परगावचे खलाशी पोट धरून हसले. त्यानंतर बाकीचे फिरायला निघाले की हा म्हणायचा, "तुमी जा. होडी कोन राखील?"

त्याच्या गोष्टी सर्वांत मन लावून ऐकणारी होती त्याची बायको गोदू. सदतीस वर्षं संसार, अर्धा जन्म बोंबील वाळवण्यात, उरलेला अलिबागच्या बाजारात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात. मुंबई तिने अगदीच पाहिली नव्हती असं नाही, पण तिची मुंबई म्हणजे नातलगांबरोबर लग्नाचा हॉल, नाहीतर इस्पितळ, आणि लगेच परतीची लाँच. नवऱ्याची ती जोडभावांची मुंबई तिला बघायची होती. दिनानाथ दर वर्षी "दाखवीन की" म्हणायचा आणि दर वर्षी त्याला काहीतरी काम निघायचं.

या जानेवारीत मात्र तो सापडला. त्याची पुतणी प्राप्ती माझगावला दिलेली, तिच्या बाळाचं बारसं निघालं. दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नाही, पाण्याला ओढ नाही, डोलीची जाळी भरत नाहीत. होडी किनाऱ्यावर निवांत. तिथे सबब कुठली चालणार?

बारशाची जेवणं तीनला उरकली. रात्री मुक्काम, सकाळी पहिल्या लाँचने परत. गोदूने अंबाड्यात नवा गजरा माळला आणि जेवून सुस्तावलेल्या नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चला. आजची सांज माजी हाय. माजे गुडगे चालतान तवर मना तुमची मुंबै दाखवा. परत काय मी येत न्हाय."

दिनानाथने सबब शोधून पाहिली. पण पुतणीच्या सासरची चार माणसं ऐकत होती. त्याने टोपी नीट केली आणि म्हणाला, "चल की. त्यात काय?"

बसने ती दोघं फोर्टात उतरली आणि दिनानाथने छाती काढून चालायला सुरुवात केली. त्याचा हिशेब साधा होता. समुद्रावरून पाहिलं तर जोडभाऊ कंदिलाच्या उजव्या हाताला. म्हणजे आधी कंदील शोधायचा. त्याने मान वर केली. चारी बाजूंना भिंतीच भिंती, खिडक्याच खिडक्या. माथा म्हणून कुणाचाच दिसेना. ज्या इमारती पाच मैलांवरून बोटाने दाखवता येत, त्या पायथ्याशी आल्यावर साफ गायब झाल्या होत्या.

त्याने एका पानवाल्याला विचारलं, "जोडभाव कुटं आले?"

"कोण भाऊ? दुकानाचं नाव सांगा."

एका टॅक्सीवाल्याला कंदील विचारला. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काच वर केली. बरोबरच होतं त्याचं. ही नावं दिनानाथच्या आजाने ठेवलेली, खोल पाण्यात होडी कुठे आहे ते ओळखण्यासाठी. चार होड्यांपलीकडे ती कुणाला ठाऊक असणार? पण हे दिनानाथला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. त्याला वाटायचं, मुंबईचे लोकही त्यांना तसंच म्हणतात.

मग त्याने वाऱ्याचा आधार घेतला. सांजेचा वारा खाऱ्या पाण्यावरून येतो, तोंडावर वारा घ्यायचा आणि चालायचं. पाण्याशी पोचलो की पुढचं सगळं आपलंच राज्य. समुद्रावर ही युक्ती कधी फसली नव्हती. पण मुंबईचा वारा कोपऱ्याकोपऱ्यावर वळतो. एका गल्लीत तोंडावर, पुढच्या गल्लीत पाठीवर, तिसरीत नाहीच. दिनानाथ वाऱ्याबरोबर वळत राहिला आणि गोदू त्याच्यामागे. उसाच्या रसाच्या त्याच गाड्यापाशी ती दोघं तिसऱ्यांदा आली, तेव्हा रसवाला आपण होऊन म्हणाला, "मावशी, आता तरी बसा."

गोदू बाकड्यावर बसली. दिनानाथ उभाच राहिला. पाच वाजून गेले होते. ही एक संध्याकाळ तिने सदतीस वर्षं मागितली होती आणि आपण ती गोल गोल फिरवून वाया घालवली, हे त्याला लख्ख दिसत होतं.

"गोदू," तो म्हणाला, "मना मुंबै ठावं न्हाय. धक्क्याभाईर मी येकदाच गेलो, तवा वाट चुकलो. होडी राखीत बसायचो. भ्या वाटायचं."

गोदूने रसाचा पेला खाली ठेवला. एवढा दर्यातला माणूस, वादळात सुकाणू न सोडणारा, रस्त्याला घाबरतो? आधी तिचे खांदे हलायला लागले, मग गजरा, आणि मग ती अशी हसली की रसवाल्याने चरक थांबवला.

"सदतीस वर्सं मना येड्यात काडलंव!" डोळे पुसत ती म्हणाली. "मंग ती जोडभाव, ती म्हातारी? सगली थाप?"

"न्हाय गो. हायेत. पन ती पान्यावरशी दिसतान."

"मंग पान्यावं चला की!" गोदू उठलीच. अलिबागच्या बाजारात तीस वर्षं काढलेल्या बाईला रस्ता विचारायची कसली लाज? तिने रसवाल्याला विचारलं, एका कॉलेजच्या मुलीला विचारलं, पुढे एका शिपायाला विचारलं, आणि पाऊण तासात गेटवेच्या पायऱ्यांवर नवऱ्याला आणून उभं केलं. बंदरात चक्कर मारणारी शेवटची लाँच दोर सोडत होती.

"ए तांडेल! थांब!" दिनानाथने अशी आरोळी ठोकली, की कबुतरांचा थवा उडाला. सुकाणूवरच्या माणसाने मागे पाहिलं. ही हाक शहरातली नव्हे, हे त्याला कळलं. तोही त्याच किनाऱ्यावरचा, दिघीचा हरेश्वर. लाँच पुन्हा पायरीला टेकवत तो म्हणाला, "या, काका. सांभाळून."

लाँच बंदरात शिरली आणि दिनानाथ पुन्हा दिनानाथ झाला. सूर्य इमारतींमागे उतरत होता आणि मुंबई काळीभोर, एका ओळीत उभी राहिली होती. कुठलीच इमारत दुसरीच्या आड नव्हती.

"ती बग जोडभाव! कंदील आजून पेटाचा हाय, थांब. कंदील जोडभावांच्या मदी आला का समजायचं, पान्याखालचा खडक मागं रायला. आन् ती काली, बुटकी, ती म्हातारी. धुक्यात बाकी काय दिसत न्हाय, पन म्हातारी दिसते."

तेवढ्यात लाल दिवा लागला. मग बाकीचे लागत गेले, खालून वरपर्यंत. बाजूला फोटो काढणारी मंडळी हळूहळू फोन खाली करून दिनानाथचं बोट जाईल तिकडे बघू लागली. एका बाईने विचारलं, "काका, त्या टोकाच्या इमारतीचं नाव काय?" त्या इमारतीला दिनानाथच्या आजाने नाव ठेवलं नव्हतं. गोदूने चटकन सांगितलं, "ती धाकटी सून. मागं मागं उबी हाय." हरेश्वरसकट सगळे हसले. दिनानाथ सर्वांत मोठ्याने हसला. इतका आनंद त्याला पापलेटांनी भरलेलं जाळं ओढतानाही झाला नव्हता.

लाँच परत पायरीला लागली तेव्हा सातसुद्धा वाजले नव्हते. लोक उतरले. दिनानाथ मात्र बाकावर बसून राहिला. समोर रस्ता, गाड्या, भोंगे, गर्दी.

"आजून येक फेरी मारू का?" त्याने विचारलं. "हरेश्वर आपलाच हाय. तुना आवाडली ना?"

"लय आवाडली," गोदू म्हणाली. "तुमी सांगलंव त्यापरीस चांगली हाय. पन आता मना पायांनी बगाची हाय. भेलपुरी खाची हाय, काचंतली लुगडी बगाची हायेत."

"आन् वाट चुकलो तं?"

"चुकलो तं दोगं चुकू. सकालपर्यंत कंचं काम हाय आपल्याला?"

तिने हात पुढे केला. चाळीस वर्षं होडी राखत बसलेला दिनानाथ तांडेल तो हात धरून उठला आणि मुंबईच्या गर्दीत शिरला.