सातही जणांनी, एकाच दिवशी

हमीदा आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर सुरतेच्या एका व्यापाऱ्याशी फ्रॉकच्या गठ्ठ्यावरून भांडत होतो. त्यांची सून रेहाना बोलत होती. "काका, आपा गेल्या. असरच्या नमाजानंतर माती हाय," एवढंच म्हणाली. मी बरं म्हटलं, त्या व्यापाऱ्याशी चाललेला सौदा शेवटाला नेला आणि मग शटर ओढलं. दफनाला गेलो, मूठभर माती टाकली, परत आलो. त्याला आता पाच आठवडे झाले. लिहायचं मनात नव्हतं. जिनं भर बाजारात माझी अब्रू घालवली तिच्याविषयी मी काय लिहावं? पण या वयात असा शीण येतो की राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं, हे कळायला लागलंय...

देवणीजवळच्या एका खेड्यातून मी सायकलच्या कॅरिअरवर झबल्या-टोपड्यांचं गाठोडं बांधून निघालो होतो. देवणी, उदगीर, निलंगा, जिथं आठवडी बाजार असेल तिथं पोतं अंथरून बसायचं आणि मिळेल त्या धर्मशाळेत, मिळेल त्या सतरंजीवर आडवं व्हायचं. लातूर नवा जिल्हा झाला आणि मी तिथल्या बाजारात, गोलाईच्या मागं एका खणाचं दुकान धरलं. नवी कचेरी, नवे साहेब, त्यांच्या लेकरांना नवे कपडे. हिशेब सरळ होता. पण गावात माणसं मावत नव्हती. एका खोलीच्या दोन खोल्या होत होत्या. त्यात पावसानं पाठ फिरवलेली, टँकर पाचव्या दिवशी यायचा. दोन खोल्यांत आम्ही सात जण होतो: मी, बायको, माझी आई, धाकटा भाऊ, दोन मुलं आणि तान्ही सुनंदा. समोरच्या दारात हमीदा आपा. सरकारी दवाखान्यात नर्स, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, नवरा लवकर गेलेला. त्यांच्या घराच्या चार पिढ्या त्या गल्लीत गेलेल्या. आम्ही काल आलेले. पण पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या आईला स्वतःच्या रांजणातलं पाणी दिलं होतं, हे नाकारू कसं?

सुनंदा हदगावला, बायकोच्या माहेरी जन्मली. आमच्याकडं तान्ह्या लेकराला सुरुवातीला नवं कापड घालत नाहीत. चार घरं फिरून जुनी, मऊ झालेली झबली मागून आणायची आणि तीच घालायची. लेकराला आयुष्य लागतं म्हणतात. मी नवी झबली विकणारा, पण माझ्या लेकीच्या अंगात हदगावच्या शेजाऱ्यांची जुनी झबली. तिसऱ्या महिन्यात ती लातूरला आली. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक पुरळ उठलं. दिवसा किरकिर, रात्री तर नुसता आकांत. आईनं करंजाचं तेल चोळलं. मी सासऱ्यांना हदगावला पत्र लिहिलं की तुम्ही मागून आणलेल्या चिंध्यांनी माझ्या लेकराला रोग लावला. पत्रातले शब्द आज आठवले तरी लाज वाटते.

आपांनी लेकराची मूठ उघडून पाहिली आणि म्हणाल्या, ही खरूज. मग आमच्या ओट्यावर बसून, आवाज खाली ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं. डोळ्याला न दिसणारा किडा असतो, कातडीत बीळ करून अंडी घालतो. अंगाला अंग लागून येतो, एका वाकळीत निजून येतो. झबल्यावर खापर फोडू नको, हदगावहून येऊन दोन महिने झाले. लेकरू कुणाच्या कुशीत निजतं ते बघ. सुनंदाला तीन दिवस गंधकाचं मलम, मानेखालीच नाही तर डोळे आणि तोंड सोडून डोक्या-कपाळालाही; मोठ्यांचं औषध तान्ह्याला लावायचं नाही. आणि घरातल्या सातही जणांनी एकाच दिवशी औषध लावायचं, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, खाज असो वा नसो.

इथं माझ्यातला बाजारकरी जागा झाला. सात म्हणजे फार झाले. भाऊ गल्लीत उभा राहणार नाही, आई सोवळ्यातली, मला तर काही होतच नाही. मी म्हटलं, लेकरू आणि तिची आई, दोघी करू. त्या म्हणाल्या, खाज यायला महिना-दीड महिनाही लागतो, तोवर माणूस चांगला दिसतो आणि वाटत फिरतो. मी पाण्याचा मुद्दा काढला. टँकर पाचव्या दिवशी, सात जणांच्या वाकळा धुवायच्या कशानं? त्यावर त्यांनी इतक्या शांतपणे अट खाली आणली की मला वाटलं, सौदा माझ्याकडं झुकला. कपडे धुता येतील तेवढे गरम पाण्यानं धुवा, वाकळा पोत्यात घट्ट बांधून आठ दिवस कुणी हात लावू नका, मग उन्हात घाला. माणसाशिवाय तो किडा फार दिवस जगत नाही. शेवटी मी हाव हाव, म्हणजे हो हो, म्हणालो, आणि घरात फक्त तिघांना औषध लावलं... लेकरू, बायको, थोरला मुलगा.

पंधरा दिवसांत सुनंदाला पुन्हा उठलं. आपा पुन्हा ओट्यावर आल्या, तेच हळू आवाजात सांगितलं. मी पुन्हा हाव म्हटलं. तिसऱ्यांदाही तसंच. खरं सांगायचं तर तोवर माझ्याही बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली होती. नव्या कापडाची खळ लागते, असं मी बायकोला सांगायचो. फ्रॉकची घडी मोडता मोडता मनगट टेबलाच्या कडेवर घासायचो. लहान लेकरांचे कपडे विकणाऱ्याला खरूज आहे, हे कळलं तर गिऱ्हाईक पायरी चढेल का? आणि रोज दुपारी जेवायला घरी गेलो की सुनंदाला उघड्या छातीवर घेऊन झोपायचो. तिला दुसरीकडं झोप लागत नव्हती.

लेकीचे फोड पिकले. हात सुजले, अंगात ताप चढला. त्या दिवशी बायको तिला घेऊन दवाखान्यात गेली आणि मी दुकान उघडलं, कारण सणाचे दिवस होते. दुकानात कचेरीतल्या तीन-चार बाया होत्या. आपा गणवेशातच पायरी चढल्या. त्यांनी माझा हात धरला, सगळ्यांसमोर बोटं फाकवली.

"ही खरूज हाय, मन्मथ. लेकराला तूच देऊन राहिलास. ते तिकडं तापानं फणफणून राहिलं, अन् तू हितं झबली विकून राहिलास."

बायांनी हातातले कपडे हळूच खाली ठेवले. एकीनं तर पदराला हात पुसले. तो सण गेला, पुढचा हंगाम गेला. गोलाईत माझ्या दुकानाला लोकांनी जे नाव ठेवलं ते मी इथं लिहिणार नाही.

मी त्याच दिवशी सातही जणांना औषध लावलं. शहाणपणानं नाही, रागानं. आपांना खोटं पाडायचं म्हणून. भावाला दरडावलं, आईपुढं हात जोडले. वाकळा पोत्यात बांधल्या आणि आम्ही आठ दिवस नुसत्या फरशीवर निजलो. आठवड्यानं पुन्हा एकदा सगळ्यांना लावलं. दवाखान्यात इंजेक्शनं झाली, सुनंदाचा ताप उतरला. पण खाज थांबेना, तेव्हा मी पाय आपटत आपांच्या दारात गेलो, म्हटलं तुमचं औषध नकली आहे. त्या तांदूळ निवडत होत्या. "किडा मेला तरी खाज दोन-चार हप्ते राहते बाबा. उगं पुन्हा पुन्हा चोपडत बसू नको, कातडं जळंल," म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडं वळल्या. महिनाभरात सगळं गेलं. आपांनी माफी कधी मागितली नाही. एकदा दुकानात आल्या, नातवासाठी तीन झबली घेतली, एरवी दमडीदमडीला भांडणारी बाई भाव न करता निघून गेली. मला तो दुसरा अपमान वाटला. पुढं मी त्यांच्याशी बोललो, पण कामापुरतंच. घरात चांगलं सांगता येत नव्हतं का, हे एक वाक्य मी उभ्या आयुष्यात हजारदा मनात म्हटलं असेल.

गेल्या आठवड्यात रेहानाला भेटायला गेलो. आपांच्या खोलीत त्यांची लोखंडी खाट उचलून भिंतीला लावलेली, खिडकीत डोळ्यांच्या औषधाची बाटली तशीच. चहा येईपर्यंत दारात एक तरुण बाई आली, कडेवर वर्षभराची पोरगी. मागच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेली. आपा गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. पोरीचं मनगट बघितलं आणि मला कळलं. मी तिला आत घेतलं, दार लोटलं, आपांनी ओट्यावर सांगितलं होतं तसं हळू आवाजात सांगितलं. बाई, दवाखान्यात दाखवा. आता चांगलं मलम मिळतं, रात्री लावून सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा. पण घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी. ती म्हणाली, हाव काका, हाव. नवऱ्याला काई खाज न्हाई, अन् सासू ऐकायची न्हाई, पोरीपुरतं तेवढं लावते.

पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकाची तोंडं वाचली आहेत. परत न येणारं गिऱ्हाईक असंच मान हलवतं. ती पायरी उतरली, चार पावलं गेली. नळाला बायांची रांग लागलेली होती. मी ओट्यावर आलो आणि ओरडलो, "नवऱ्यालाही खरूज हाय, सासूलाही असंल! सगळ्यांनी एकाच दिवशी लावा, नाहीतर पोरगी पिकंल!"

रांग वळून बघायला लागली. बाईचा चेहरा लाल झाला. तिनं माझ्याकडं जे पाहिलं ते मला चांगलं ओळखीचं होतं, आणि ती बहुतेक मरेपर्यंत मला माफ करणार नाही. पण ती रांगेतल्या बायांसमोरून दवाखान्याच्या रस्त्यानं गेली, घराच्या नाही.

मी आत आलो. रेहानानं चहा ठेवला होता. भिंतीला लावलेली खाट तिनं खाली घेतली, आणि आपांच्या खाटेवर बसून मी चहा घेतला.