एका ओळीसाठी दोन स्पीकर

फोन आला तेव्हा मी बुलढाण्याला कॉलेजच्या लॅबमध्ये होते. बाबा म्हणाले, "मोठेबाबा गेले." आणि माझ्या तोंडून निघालं, "कोणी सांगितलं?" बाबा हळूच म्हणाले, "अवं, मी त्याच्याजवळच बसून हाओ."

असा प्रश्न मी एरवी विचारला नसता. तो मोठेबाबांचा प्रश्न होता. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. कुणी काहीही सांगितलं, अगदी पाऊस येतोय असंही, तरी ते आधी विचारायचे, "कोणी सांगितलं? तू पाह्यलं का?" कंडक्टरनं गावाचं नाव पुकारलं तरी उतरण्याआधी ड्रायव्हरला विचारून खात्री करायचे. औषधाची गोळी पाकिटातून काढली की उजेडात धरून बघायचे. आमच्या घरात यावर हसणं चालायचं. त्यांना जाऊन आता सहा महिने झाले आणि मला त्या हसण्याबद्दल काहीतरी लिहायचं आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

पिंपळगाव राजाजवळ आमचं गाव आहे. मोठेबाबा शेतात मजुरी करत आणि गावात लग्न असलं, जयंती असली की भोंगे लावायचं काम त्यांचं. एक भोंगा विहारावर, एक चौकात, एक बसथांब्याकडे. तरुणपणी ते एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्या पार्टीची एकच कॅसेट निघाली होती. शाळेच्या खोलीत दोन माइक लावून रेकॉर्ड केलेली. मोठेबाबा सांगायचे की त्यातल्या एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यातली एक ओळ त्यांनी एकट्यानं म्हटली आहे. बाबा म्हणायचे, "दादाले ढोलकी वाजवू देत होते तेच लई झालं, गाऊ कोण देते?" कॅसेट कधीच तुटली होती. नंतर खामगावच्या एकाकडून मोठेबाबांनी ती जोडून घेतली आणि गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. घराच्या किल्लीबरोबर दोऱ्यात बांधून तो पेन ड्राइव्ह ते गळ्यात घालायचे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कुणी कॉपी मागितली तर म्हणायचे, "मंग तो त्याचं नाव टाकंल." घरी वाजवायला काही नव्हतं, त्यामुळे ती ओळ आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नव्हती. खरं सांगायचं तर बाबांसारखं मलाही वाटायचं की अशी ओळ नसेलच.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला बाबांनी मला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. सुट्टीत घरी आले की त्यावर गाणी ऐकायची माझी फार इच्छा होती. पण त्याला आवाजच नव्हता, स्पीकर घ्यायला हवे होते. बाबांनी बेताचे पैसे मोठेबाबांच्या हातात दिले आणि म्हणाले, "तुले आवाजाचं समजते. पोरीले घेऊन जाय." मी आधीच ठरवून ठेवले होते, निळे-लाल दिवे लागणारे, मोठ्या डब्याचे. मैत्रिणीकडे तसेच होते.

बसनं आम्ही नांदुऱ्याला गेलो. पहिल्याच दुकानात माझे निळे-लाल दिवेवाले स्पीकर समोर दिसले. मी बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, "काका, हजार वॅट आहे." मोठेबाबांनी खोक्यावरचं ते वाचलं आणि म्हणाले, "दोन हजार काऊन नाही लिहिलं? कागदच तं हाय." मग त्यांनी स्पीकर एका हातानं उचलला, दुसऱ्या हातानं दुसरा एक छोटा उचलला, आणि मला म्हणाले, "धरून पाह्य. आत लोहचुंबक राह्यते. हलका लागला म्हणजे आत हवा हाय." खरंच तो मोठा डबा छोट्यापेक्षा हलका होता. तरी मी म्हटलं, "पण मोठेबाबा, दिवे किती छान आहेत." ते म्हणाले, "डोयानं आयकतं का वं गाणं?" दुकानातली माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दुकानात त्यांनी गाणं लावूच दिलं नाही. नुसती वायर लावा म्हणाले, आणि रिकाम्या स्पीकरला कान लावून बसले. "गाणं नाही तरी बोलून राह्यला हा. खरखर करते." दुकानदारानं जोराचं गाणं लावून दाखवलं, तर म्हणाले, "तुह्या गाण्यावर तं माठबी चांगला वाजते. आवाज कमी कर. कमी आवाजात खरं समजते." डब्याच्या पाठीवर त्यांनी बोटानं टकटक केली, पोकळ वाजला तर मान हलवली. मागचे स्क्रू खोलून बघू का, असंही विचारलं. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाले स्पीकर घ्यायचे हायेत का चोरी पकडायची हाय?" मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "दोन्ही."

तिसरं दुकान स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. तिथं एक साधी काळपट लाकडी जोडी होती. ना दिवे, ना काही, एकाला आवाजाचं बटण आणि दुसरा नुसता वायरीनं त्याला जोडलेला. मोठेबाबांनी उचलून पाहिली, ठोकून पाहिली, कान लावून पाहिली. मग गळ्यातला पेन ड्राइव्ह काढला. मी तोवर रुसून दाराशी उभी होते आणि आमची बस लागली का ते बघत होते. आत ढोलकी सुरू झाली. बऱ्याच वेळानं मोठेबाबांचा आवाज आला, "ओळ आली का वं आयकू?" मी मागं न बघताच म्हटलं, "हो, आली." त्यांनी लगेच ती जोडी बांधायला सांगितली. घासाघीससुद्धा केली नाही. मला तेव्हाच संशय आला होता... या दुकानदाराशी यांचं आधीचं काही ठरलेलं असणार.

घरी आल्यावर मोठेबाबांनी स्वतः स्पीकर लावले. मी दोन्ही टेबलावर मांडले होते. ते म्हणाले, "दोन्ही एकाच जागी ठेवून काय करतं? एक तुह्या मायले दे." आमचं स्वयंपाकघर म्हणजे अंगणापलीकडची पत्र्याची खोली. त्यांनी भोंग्याच्या कामातली लांब वायर आणली, जोड मारून वर टेप गुंडाळली आणि बटण नसलेला स्पीकर थेट आईच्या पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला. आई लाजून हसली. तिच्यासाठी कुणी वस्तू मांडून दिली, असं क्वचितच व्हायचं.

मग बाबांना बोलावलं. मोठेबाबा खाटेवर ताठ बसले आणि गाणं लावलं. शेवटचं कडवं आलं तसा त्यांनी हात वर केला, आता ऐका म्हणून. आणि त्या जागी नुसती ढोलकी वाजली. एक पूर्ण ओळ मोकळी गेली आणि पुन्हा गायकाचा आवाज सुरू झाला. त्यांनी परत लावलं. परत तसंच. बाबा तोंडावर हात घेऊन हसू दाबत होते. मोठेबाबा म्हणाले, "दाखवला एक, देल्ला दुसरा. त्यानं डब्बा बदलला." बाबा म्हणाले, "दादा, डब्बा बदलून आवाज कसा जाईन?" मग मोठेबाबा माझ्याकडे वळले. "तू तं आयकली होती ना दुकानात?"

तेव्हा मी काय बोलले ते लिहायला इतके दिवस लागले. मी म्हटलं, "मी आयकलीच नाही मोठेबाबा. मी बस पाहून राह्यली होती." इथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण बाबा हसत होते, दिव्यांचे स्पीकर मिळाले नव्हते, आणि माझ्या मनात काय आलं कोण जाणे... मी पुढं म्हटलं, "मले वाटते, तिथंबी नसंल ती."

त्यांनी पेन ड्राइव्ह काढला, पुसला, दोऱ्यात बांधला. "बरं," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, माझ्या परीक्षेचं विचारायचे. मी गाणी लावली की बटणाच्या स्पीकरवर तळवा टेकवून थोडा वेळ उभे राहायचे. पण गळ्यातला दोरा पुन्हा काही बाहेर काढला नाही. मी पुढच्या सुट्टीत माफी मागू म्हणत होते. पुढच्या सुट्टीच्या आधीच फोन आला.

मोठेबाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि मोठ्या आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, तो दोरा माझ्या हातावर ठेवला. किल्ली तिनं सोडवून घेतली होती. म्हणाली, "हे तुह्याकडं राहू दे. माह्याकडं कुठं वाजते?" घरी लावायची माझी हिंमत झाली नाही. ती मोकळी ओळ पुन्हा ऐकायची नव्हती. दुसऱ्या दिवशी मी एकटीच नांदुऱ्याला, त्या तिसऱ्या दुकानात गेले. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. दुकानदारानं दोरा ओळखला. म्हणाला, "काकांचा ना हा? आले नाहीत बरेच दिवस." मी सांगितलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "तुम्ही स्पीकर नेल्यावर आठवड्याभरानं आले होते ते. मी डब्बा बदलला म्हणून भांडाले लागले. मी म्हटलं, काका, त्याच कंपनीचा दुसरा जोड हाय, लावून पाहा. लावला. आयकलं त्यांनी. मंग भांडले नाही, काही नाही. म्हणाले, आमच्या पोरीले शंका हाय. तिले घेऊन येतो एक दिवस, तिच्या कानानं आयकू दे."

मी पेन ड्राइव्ह पुढं केला. त्यानं लावला. शेवटच्या कडव्यात, ढोलकीच्या जरा मागं, एका बाजूनं, एक कोवळा पण खणखणीत पुरुषी आवाज आला. एकच ओळ. ओळ तशी साधीच होती. आवाज मात्र बाबांच्या आवाजासारखा होता, फक्त न थकलेला.

आणि कबूल करते, तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. म्हणजे मोठेबाबा बरोबर होते. इथं ओळ आहे, आमच्या घरी नाही, म्हणजे यानं डबा बदललाच असणार. मी दुकानदाराला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "घेऊन या तुमचा जोड. दोन्ही घेऊन या."

संध्याकाळी घरी येऊन मी स्पीकर बांधायला घेतले. स्वयंपाकघरातला काढून आणला, पिठाचा हात लागलेला, आणि नेण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून लावले. ओळ आली. आमच्याच स्पीकरमधून. डाव्या बाजूनं, स्वयंपाकघरातून आणलेल्या डब्यातून.

मी विज्ञान शिकते. माझ्या इअरफोनवरसुद्धा डावा-उजवा लिहिलेलं असतं. त्या शाळेच्या खोलीत एक माइक गायकापुढं होता, दुसरा पलीकडे, आणि त्या पलीकडच्या माइकपाशी मोठेबाबा. मोठेबाबांनी जन्मभर भोंगे लावले. भोंगा विहारावर असो की चौकात, सगळे एकच बोलतात. दोन स्पीकर दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतील, अशी शंका साऱ्या जगावर शंका घेणाऱ्या त्या माणसाला कधी आली नाही. ती मला यायला हवी होती. मी मात्र माणसावरच शंका घेतली.

आई दारात पदराला हात पुसत उभी होती. मी म्हटलं, "आई, ही ओळ... आयकली का?"

"हाव," ती म्हणाली. "त्या दिवशी दोनदा आली ना. तुह्या मोठेबाबाचीच तं हाय."

"मग बोलली काऊन नाही?"

"मले काय मालूम तुम्ही त्याच्यासाठी भांडून राह्यले? मले वाटलं दुकानदाराचं काही हाय." मग म्हणाली, "मले कोणी विचारलं कुठं?"

मी वायरीचा जोड सोडवायला लागले, आता दोन्ही नीट शेजारी ठेवावे म्हणून. आईनं माझा हात धरला. "तो तिकडंच राहू दे," ती म्हणाली. तो काळपट डबा तिनं स्वतः उचलला, अंगण ओलांडून परत पिठाच्या डब्यावर ठेवला आणि वायर भिंतीच्या कडेनं लावली, मोठेबाबांनी लावली होती तशीच.

आता सुट्टीत घरी आले की मी बाहेरच्या खोलीत गाणं लावते आणि लगेच अंगण ओलांडून आईपाशी जाऊन बसते. ती पोळ्या लाटत असते. बाहेरून गायकाचा आवाज लांबून येतो. शेवटचं कडवं जवळ आलं की आई लाटणं थांबवते आणि पिठाचा हात तसाच स्पीकरवर ठेवते. मग मीही ठेवते.