सेकंदरावांची धाकटी

मी अजून भानावर आलेलो नाही. आमचे साडू चुकले. वाक्य चार शब्दांचंही नाही, पण लिहिताना हात दोनदा थांबला. साडू एकदा तरी तोंडावर आपटावा ही कुठल्याही सज्जन माणसाची मनातली इच्छा असते. माझीही होती. पण ते खरोखर आपटले तेव्हा वाचा माझी बसली.

साडूंना सगळे सेकंदराव म्हणतात. लहानपणी ते मामाच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायला शिकले. पुढे लोक फोनमध्ये वेळ बघू लागले, घड्याळं बंद पडली आणि ती कुणी दुरुस्तीलाही आणेना. साडूंनी त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली कॉम्प्युटर जोडायला घेतले. घड्याळं गेली, वेळ मोजायची खोड मात्र गेली नाही. मामाचं स्टॉपवॉच अजून त्यांच्या गळ्यात असतं.

नवा प्रोसेसर आला की साडू त्याची परीक्षा घेतात. परीक्षा ठरलेली. त्यांच्या लेकीच्या शाळेतल्या नाटकाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ आहे. तो प्रोसेसरला दाबून लहान करायला द्यायचा आणि किती वेळ लागला ते मोजायचं. नाटकात लेक झाड झाली आहे. चाळीस मिनिटं हात पसरून उभी आहे आणि शेवटी शिंकते. आमच्या भागातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ती शिंक पाहिलेली आहे. लेक आता सव्वीस वर्षांची आहे, वडिलांच्याच दुकानात काम करते, तरी लोक आत येताना विचारतात, "झाड आहे का घरात?"

निकाल एका जाडजूड वहीत लिहिला जातो: वेळ, उष्णता, शेरा. शेरे वाचले की जुन्या हेडमास्तरांची आठवण येते. 'हुशार, पण दुपारनंतर सुस्तावतो.' 'वीज कमी खातो, कुरकुर नाही.' प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांना ते थोरली आणि धाकटी म्हणतात. आणि नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर लाल शाईत लिहिलं आहे: 'थोरली, अकरा मिनिटं चार सेकंद. धाकटी, एकोणीस मिनिटं बत्तीस सेकंद. फार तापते. नापास. पुन्हा दारात नको.'

झालं! त्यानंतर धाकटीला या दुकानाचा उंबरठा दिसला नाही. मी स्वतः आमच्या विमा कचेरीत निदान तीस जणांना छातीठोक सांगितलं, "धाकटी तापट आहे हो, आमच्या साडूंनी मोजलंय." प्रोसेसर काळा की गोरा हे मला आजही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात एका आर्किटेक्टच्या कचेरीने अकरा कॉम्प्युटर मागितले. लेक म्हणाली, या कामाला धाकटीच योग्य. साडूंनी वही उघडून लाल पान तिच्यापुढे धरलं.

"बाबा, हे पान मी बारावीत असतानाचं आहे."

"खरं शिळं होत नसतं."

"सगळं जग मोजून सांगतंय, धाकटी पुढे गेलीय म्हणून."

"जगाकडे स्टॉपवॉच आहे का?"

लेकीने मान खाली घातली आणि शांतपणे सांगितलं, की दुसऱ्या एका मोठ्या दुकानातून तिला बोलावणं आलंय, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. "इथे माझ्या शब्दाला किंमत नसेल तर मी जाते."

दुकानामागच्या घरातून मेव्हणी भांडं हातात घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही काहीतरी बोला. नुसतं स्टूल काय अडवून बसलात?"

मी बोललो. बोलायला नको होतं. म्हणालो, "अहो सेकंदराव, ती जुनी धाकटी माळ्यावर पुरावा म्हणून ठेवलीय ना? काढा, लावा, दाखवा पोरीला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

साडूंचा चेहरा उजळला. नऊ वर्षांची धूळ खाल्लेला तो कॉम्प्युटर त्यांनी स्वतः शिडी लावून उतरवला. लेक म्हणाली, आधी साफ तरी करू. तिने पंखा सोडवला आणि त्याखालचा तांब्याचा ठोकळा उलटा केला. हा ठोकळा प्रोसेसरला चिकटून बसतो आणि त्याची उष्णता ओढून घेतो, एवढं मला त्या दिवशी कळलं.

लेकीने ठोकळा दिव्याखाली धरला.

तांब्यावर प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा होता. कारखान्यातून येतो तो, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं: 'बसवण्यापूर्वी काढा.'

मी साडूंकडे पाहिलं. माणूस उभ्या उभ्या पुतळा झाला होता. थोरलीला त्यांनी दुकानातला वापरलेला ठोकळा लावला होता. धाकटीला कौतुकाने कोरा करकरीत आणला, आणि त्याचं प्लास्टिक काढायचंच राहिलं! बिचारी रेनकोट घालून धावली होती. तापेल नाहीतर काय करेल?

आणि मग मला आठवलं. नऊ वर्षांपूर्वी, त्या परीक्षेच्या दिवशीही मी याच स्टुलावर होतो. "आटपा हो, चहा निवतोय," असं सारखं ओरडणारा माणूस मीच. साडूंनी घाईघाईत ठोकळा दाबून बसवला होता तो माझ्या चहासाठी. नऊ वर्षं आणि तीस सहकारी!

लेकीने पापुद्रा सोलला, तांबं पुसलं, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, झाड सुरू केलं. साडूंनी स्टॉपवॉच दाबलं. मेव्हणी भांडं विसरून उभी. पडद्यावर सहा वर्षांची लेक हात पसरून उभी, तिच्यासमोर सव्वीस वर्षांची लेक हाताची घडी घालून.

काम संपलं. साडूंनी आकडा वाचला, स्टॉपवॉच कानाला लावलं, पुन्हा वाचला. नऊ मिनिटं एक्कावन्न.

"थोरलीपेक्षा..." मेव्हणीने बोटांवर मोजायला घेतलं.

"एक मिनिट तेरा सेकंदांनी पुढे," साडू म्हणाले. "तेव्हाही पुढेच होती."

ते खाली बसले. मग त्यांनी वही ओढली, लाल पानावर एक आडवी रेघ मारली, खाली नवा आकडा लिहिला आणि शेऱ्यात लिहिलं, 'परीक्षक नापास.' पापुद्रा त्यांनी चिकटपट्टीने त्याच पानावर लावला. पेचकस लेकीपुढे सरकवला आणि म्हणाले, "अकराच्या अकरा धाकट्या आण. आणि त्या मोठ्या दुकानाला कळव, आमच्याकडे माणूस कमी आहे."

मग त्यांनी फोन उचलला आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून सांगायला लागले, "मी चुकलो." बावीस फोन! आमच्या विमा कचेरीत माझ्यापुढे लोक आपला घसरलेला चष्मासुद्धा कबूल करत नाहीत हो.

शनिवारी लेक अकरा कॉम्प्युटर जोडत होती. प्रत्येक वेळी साडू मागून विचारत, "प्लास्टिक काढलंस?" सातव्या वेळी ती फणकारली, "काढलं हो बाबा! आयुष्यभर हेच विचारणार का?" तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा निवतोय..." आणि तिने घाईने पुढचा ठोकळा बसवायला उचलला.

साडूंनी हात पुढे करून तो अलगद तिच्या हातातून घेतला, उलटा केला, नखाने पापुद्रा सोलून खिशात टाकला आणि ठोकळा परत दिला. लेकीचा चेहरा पांढराफटक. मी आ वासलेला.

वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. फक्त माझं स्टूल उचलून दुकानाच्या बाहेर नेऊन ठेवलं.