वाचवलेलं वर्ष

आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये ते नाशिकचं कुटुंब राहायला आलं दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. नवरा, बायको आणि पंधरा वर्षांची मुलगी. मी पिठलं-भाताचा डबा घेऊन खाली गेले, तर दार उघडणारी बाई डब्याकडे बघायचं सोडून माझ्या ब्लाऊजच्या खांद्याकडेच बघत राहिली.

"काकू, रागावू नका, पण हा खांदा तुमचा पार उतरलाय. द्या माझ्याकडे, नीट करून देते."

अशी आमची ओळख. कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्युपर्टिनोत तेव्हा साडीचं ब्लाऊज शिवून देणारं कुणी सापडायचं नाही. आम्ही बायका भारतात जाताना बॅग भरभरून कापडं न्यायचो आणि शिवून आणायचो. त्यामुळे महिन्याभरात तिच्या घरी बायकांची रांग लागली. तिची माप घ्यायची पद्धत जुनी होती. एक सुती फीत घ्यायची, खांद्याला एक गाठ, छातीला एक गाठ, पाठीला एक, उंचीला एक. आकडे लिहायची नाही. प्रत्येकीची फीत वेगळी, खिळ्याला टांगलेली. नवरा चिडवायचा, "कंप्युटरच्या गावात येऊन बसलीस आणि तुझं हे गाठींचं खातं!" ती म्हणायची, "तुमचा कंप्युटर हँग होतो. माझी गाठ होत नाही."

मुलगी मात्र अभ्यासाची. एवढीशी, काटकुळी, पण पुस्तकावर वाकून बसली की उठायची नाही; चालतानाही तशीच पाठीत वाकलेली. इथल्या हायस्कूलमध्ये तिला दहावीत घेतलं.

दिवाळी झाली आणि नवऱ्याची नोकरी गेली. त्या वर्षी किती घरांत तेच झालं. आमच्या पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून कमी व्हायला लागल्या, लोक सामान विकून परत जात होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे नोकरीवर आलेल्या माणसाचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की त्याचा गेला, आणि त्याच्या मागोमाग बायको-पोरांचाही. यांना वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत दुसरी कंपनी मिळेल. मिळाली नाही. तो एका ओळखीच्या पेट्रोल पंपावर उभा राहायला लागला. त्याचं लायसन्स संपलं, ते नवं होईना. एक दिवस त्याची बायको वर आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "काकू, आता आमच्याकडे कागद नाहीत. तुम्हाला म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाला कळता कामा नये."

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, ते धरत नाही.

आता त्या घरात सगळा भार मुलीवर आला. म्हणजे कामाचा नाही हो, आशेचा. तिला तरी शिकू दे, एवढंच त्यांचं चाललेलं. त्यात आपल्या लोकांचं तुम्हाला माहीत आहेच. वर्ष वाया जाता कामा नये! पोराला कांजिण्या झाल्या तरी आपण डॉक्टरला आधी परीक्षेचं विचारतो. इथे त्या मुलीला कळलं की शाळेत जास्तीचे तास घेतले, उन्हाळ्यातही वर्ग केले, तर अकरावी-बारावी एकदम उरकता येते. तिने घरी सांगितलं आणि बापाचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "एक वर्ष वाचलं! अगं, एक अख्खं वर्ष!" त्याच्या डोक्यात आणखी एक होतं, ते त्याने मला जिन्यात सांगितलं. "काकू, जितक्या लवकर कॉलेजात जाईल तितकं बरं. आमचं काय, उद्या कुणी दार वाजवलं तर?"

शाळेत मुलांना सल्ला देणाऱ्या एक बाई होत्या. लवकर पास व्हायचं तर आईबापाची सही लागते, म्हणून त्यांनी बोलावलं. बाप पंपावर, आईला गाडी येत नाही, तेव्हा घेऊन गेले मीच. गोऱ्या बाई, गळ्यात चष्म्याची साखळी, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "इतकी घाई का आहे? शेवटचं वर्ष मुलांचं आनंदाचं असतं. तिला राहू द्या की." मुलीने आईला मराठीत सांगितलं. आईने मान हलवली, सही केली. कागद नसल्याचं तिथे बोलायचंच नव्हतं, तेव्हा घाईचं खरं कारणही सांगायचं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मात्र तिचा बांध फुटला. "आनंदाचं वर्ष म्हणे! शाळेत काय आनंद करायला जातात का, काकू? माझी पोर हुशार आहे ते हिला बघवत नाही."

"आई, शी वॉज बीइंग नाइस," मागून मुलगी म्हणाली.

"नाइस असू दे. घरी जाऊन गणित कर."

आम्ही तिघी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दोन हजार तीनच्या वसंतात मुलीला राज्याच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. बिल्डिंगभर पेढे वाटले, दुधाच्या पावडरीचे. आता प्रश्न फीचा. राज्यातल्या मुलांना फी कमी, बाहेरच्यांना कितीतरी पट, आणि कागद नसलेले म्हणजे बाहेरचे. पण मुलगी एक बातमी घेऊन आली होती. तिच्या वर्गात एक मेक्सिकन मैत्रीण होती, तिच्याही घरी कागदांचं असंच. तिने सांगितलं, आता कॅलिफोर्नियात कायदा झालाय, इथल्या हायस्कूलमधून पास झालेल्यांना राज्याचीच फी, कागद असोत नसोत. फक्त एक प्रतिज्ञापत्र भरून द्यायचं. ती मैत्रीण स्वतः भरणार होती. बाप दोनदा तिच्याकडून ऐकून घेऊन गेला. मग आईने देवापुढे दिवा लावला आणि शिवणाच्या मशीनवर बसून रडली.

जूनमध्ये पदवीदानासारखा शाळेचा समारंभ झाला. तिथे पोरं झगे घालतात. मुलीला झगा फारच ढगळ झाला, तर आईने दोन्ही बाजूंनी आत घेतला, कच्चा टाका घालून, आत कापडाची भरपूर माया सोडून. म्हणाली, "कॉलेजच्या वेळी उसवून हाच वापरू." मी म्हटलं, "अगं, तिथे वेगळ्या रंगाचा असतो." "मग रंगवू." ऐकतेय कुठली!

आणि मग आम्ही ते प्रतिज्ञापत्र द्यायला युनिव्हर्सिटीत गेलो. टपालाने पाठवता आलं असतं, पण आईला स्वतःच्या हाताने द्यायचं होतं. तिघीच होतो. खिडकीपलीकडे एक तरुण होता, हसतमुख. त्याने कागद पाहिला, मुलीची शाळेची गुणपत्रिका पाहिली, पुन्हा कागद पाहिला. मग त्याने मुलीला हळू आवाजात विचारलं, "इथल्या हायस्कूलमध्ये तू किती वर्षं होतीस?"

"दोन."

"तीन हवीत. तीन किंवा जास्त."

"पण माझे सगळे विषय पूर्ण आहेत. मी लवकर संपवलं."

आईला इंग्रजी फार येत नव्हतं, पण एवढं कळलं की शाळेबद्दल बोलणं चाललंय. ती खिडकीशी सरकली आणि छाती फुगवून म्हणाली, "शी फिनिश फास्ट! टू इयर ओन्ली! व्हेरी ब्रिलियंट!"

त्या पोराने मान खाली घातली. मुलीने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आई, थांब ना. प्लीज थांब." मी बाजूला उभी. माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं, आणि मला त्या क्षणी तिथे नसावंसं वाटलं.

मैत्रिणीने खोटं सांगितलं नव्हतं. ती तीन वर्षांहून जास्त तिथेच शिकत होती, तिला ती अट कधी आडवीच आली नव्हती. सगळी मुलं सरळ चालीने शिकतात, त्यांची तीन वर्षं आपोआप भरतात. आमचीच तेवढी धावली.

परतीच्या रस्त्यावर मुलीने आईला समजावून सांगितलं. एकदा मराठीत, मग पुन्हा. आई म्हणत राहिली, "म्हणजे नापास झाली असतीस तर चाललं असतं?"

"हो, आई."

"एखादं वर्ष गटांगळ्या खाल्ल्या असत्यास, तर?"

"हो. मग चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. सुट्टी लागली होती, पण त्या सल्लागार बाई भेटल्या. मुलीने पहिल्यांदाच खरं सांगितलं. मला एक वर्ष परत बसू द्या म्हणाली. बाईंनी चष्मा काढला, साखळीवर सोडला. डिप्लोमा एकदा हातात पडला की शाळा त्या मुलाला परत वर्गात घेऊ शकत नाही, त्यांनी सांगितलं. आणि मग मुलीचा हात धरून, "मला सांगितलं असतंस तर मी तुला जाऊच दिलं नसतं गं." आईने माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य मी भाषांतर करून सांगितलं नाही. तिला कळलं असावं.

जवळच्या कम्युनिटी कॉलेजातही तोच प्रश्न, तीच तीन वर्षं. मग त्यांच्या वकिलाने सांगितलं, मुलगी अठरा पुरी व्हायच्या आत निघाली तर पुढेमागे तिला परत येण्याचा रस्ता मोकळा राहील. कागदांशिवाय वर्षभरावर राहिलेले आईबाप देशाबाहेर गेले तर दहा वर्षं परत पाऊल टाकता यायचं नाही, आणि बापाची कागद मिळवायची एक केस अडकलेली, ती हलेल असं वकील दर महिन्याला म्हणायचा. असं होऊन ती एकटी निघाली, मावशीकडे, नाशिकला. मी विमानतळावर सोडायला गेले. आईबाप दोघंही गाडीतच बसून राहिले. आत पोलीस असतात म्हणून. काचेवर हात ठेवून बसले होते दोघं.

नाशिकला पोचल्यावर काय झालं असेल सांगा? इथली बारावी तिथल्या बारावीच्या बरोबरीची आहे असा दाखला लागला. तो येईपर्यंत प्रवेश संपले. मावशीचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. ती पलीकडून म्हणाली, "काही नाही गं, एक वर्ष वाया गेलं, दुसरं काय." आईने फोन ठेवला आणि मशीनवर जाऊन बसली. कापड नव्हतं मशीनवर. नुसतंच पायाने चालवत राहिली.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा भारतात जायची, तेव्हा ती माझ्याकडे एक कोरी फीत द्यायची. "माप आणा." मी म्हटलं, "अगं, मावशीला सांग, टेपने मोजून फोनवर आकडे सांगेल." "आकडे नकोत, काकू. फीत आणा." मग मी नाशिकच्या त्या स्वयंपाकघरात गाठी मारायची. मुलगी चेष्टा करायची, "काकू, श्वास आत ओढू का? आई म्हणेल सुटली." तिचं मराठी पुन्हा नाशिकचं झालं होतं, फक्त 'ओके' तेवढं अमेरिकन राहिलं होतं. एकदा गाठ मारताना तिने विचारलं, "आई अजून मला रागावते का?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" ती म्हणाली, "मीच आयडिया दिली होती ना, लवकर संपवायची." मी तिला जवळ घेतलं. फीत आमच्या दोघींच्या मध्ये चुरगळली, गाठ पुन्हा मारावी लागली.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात मी शेवटची फीत आणली. मुलगी शेवटच्या वर्षाला होती, पदवीदानाला पंजाबी ड्रेस हवा होता. आईने खिळ्यावरून मुलीची जुनी फीत काढली, सतराव्या वर्षाची, आणि नवीन फीत तिच्या शेजारी पलंगावर पसरली. खांद्याच्या गाठी पुढेमागे आल्या. दोन बोटं फरक. तिने ती दोन बोटं तिथे ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

"चालताना कशी दिसते हो आता? वाकते का अजून?"

"नाही वाकत. ताठ चालते."

"मग पाठीचं माप चुकलंय तुमचं," ती म्हणाली. "वाकणाऱ्या पाठीचं आहे हे." आणि माझ्याकडे पाठ करून तिने कापड कापायला घेतलं.