पहिल्या भाकरीवरचा चुना

निवृत्तीमामा गेल्याचा निरोप वडवणीहून त्यांच्या सुनेने दिला. "सायेबाला कळवा म्हनलते मामा," एवढंच ती बोलली... दुःख नंतर झालं. आधी मला माझीच किळस आली.

मी जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होतो, तेव्हा मामा बीडजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांची देखभाल करायचे. प्रयोग माझा होता. पिल्लांचे दोन गट. एकाला सकस खाणं, दुसऱ्याला कॅल्शियम काढून घेतलेलं. वाढ झाली की मारायचं, मांडीचं हाड यंत्रात धरायचं आणि किती जोराला मोडतं ते लिहून ठेवायचं. हाड कडकन मोडायचं तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात चहा असे. आज हे लिहितानाही तोंड कडू होतं.

दुसऱ्या गटातली पहिली दोन पिल्लं मारली, तर हाडं चांगलीच टणक निघाली. मी चक्रावलो, मामांचा चेहरा मात्र उजळला. घरच्या तव्यावरची पहिली भाकरी ते रोज डब्यात आणत, आपल्या तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना तिला चोळत आणि या पिल्लांना भरवत. हे त्यांनी आपणहून सांगितलं. "पयली भाकर कुत्र्याचीच आसती, सायेब. आन् चुना हाडाला लई चांगला. आता मजबूत हायेत ना? मंग उरलेल्यांना कावून मारायचं?" आम्ही फक्त कच्च्या हाडांचीच मारतो, असा त्यांचा समज होता.

उरलेली चारही त्याच आठवड्यात मारली... बिघडलेला गट ठेवून काय करायचं होतं मला? नवी पिल्लं आणली. मग रोज सकाळी फाटकावर मी मामांचा डबा उघडून पाहायचो, बंडीचे खिसे चाचपायचो. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, हात वर करून उभा राहायचा. मारताना पिल्लं धरायलाही त्यांनाच लावलं, कारण त्यांच्या हातात ती शांत राहत. या खेपेला हाडं हवी तशी मोडली. मला पदवी मिळाली, मामांनी नोकरी सोडली. विज्ञानासाठी करावं लागतं, असं मी त्यांना वर ऐकवलंही होतं. थू.

तेराव्याला वडवणीला गेलो. कोनाड्यात त्यांची डबी होती, आतला चुना वाळून खडा झालेला. सुनेने तव्यावरची पहिली भाकरी काढली आणि दारातल्या कुत्र्याला घालायला माझ्याच हातात दिली. कुत्रं शेपूट हलवत जवळ आलं. मी भाकरी मोडायची विसरून त्याच्या मांडीची लांबी नजरेने मापत उभा होतो.