केसांचं अस्तर

सातुर्निनो वात्तानं जन्मभर एकच काम केलं, असं म्हटलं तरी चालेल. धक्क्यावरून गावात ओझी चढवायची. आमचं बेट म्हणजे तळ्यातून वर आलेला दगडच. धक्क्यापासून चौकापर्यंत पाचशेच्या वर पायऱ्या. सिमेंटच्या गोण्या, तेलाचे डबे, एकदा तर शाळेचं अख्खं कपाट त्याच्या पाठीवरून वर आलं. "पाठ मोडत नाही का रे, सातुको?" असं कुणी विचारलं, की तो कमरेवर थाप मारायचा. "मोडेल कशी? असुंतानं धरलीय ना!"

त्यात काही खोटं नव्हतं. आमच्याकडं मुली आपली गुंतवळ वर्षानुवर्षं साठवतात, आणि लग्न ठरलं की नवऱ्यासाठी वीतभर रुंद कमरपट्टा विणतात. बाहेरून रंगीत लोकर, तिच्यात पक्षी, चांदण्या, पेरणीचे महिने. आतून मात्र बायकोच्या केसांचं जाड अस्तर. तोच पट्टा बांधून पुरुष राबतो आणि तोच बांधून मातीत जातो. पलीकडं गेल्यावर तोंडं ओळखू येत नाहीत म्हणतात. बायको त्या केसांना हात लावून बघते, आणि आपलाच माणूस आहे म्हटल्यावर आत घेते. आता शहरातले लोक हसतील. हसोत बापडे.

त्याची बायको असुंता गेली तेव्हा पट्ट्याला बेचाळीस वर्षं झाली होती. कडा विरल्या होत्या, दोन पक्ष्यांची डोकी उडाली होती. तीन वर्षांनी त्याची मुलगी नेलिदा तळ्याकाठच्या पुनो शहरातून आली. ती तिथं मास्तरीण होती आणि जुनं जपायचं, जुनं जपायचं, असं तिनं मनावर घेतलं होतं. पट्टा हातात घेऊन ती रडली. बापाला ती तायता म्हणायची.

"तायता, याची काय दशा केलीत! आईच्या हातचं एवढंच उरलंय. आणखी चार वर्षांत चिंध्या होतील."

"मग मीपण चिंधीच होईन की. बरोबरच जाऊ."

"थट्टा नका करू. संग्रहालयात काचेत ठेवतील. खाली आईचं नाव लिहितील. तुमच्या नातवंडांना कळायला नको, आजी कोण होती ते?"

नावाचं ऐकून म्हातारा विरघळला. असुंताचं नाव आता कुठं लिहिलेलं उरलं नव्हतं, तिच्या क्रुसावरचासुद्धा रंग उडून गेला होता. शिवाय लेक शिकलेली. तिच्यापुढं तो जरा दबूनच असायचा. तरी त्यानं वदवून घेतलं, "मला पुरताना परत द्यायचा. शपथ घे." नेलिदानं शपथ घेतली.

मग कमरेला दोरी आली. गावानं त्याला सोडलं नाही. त्याचा चुलतभाऊ तेओदोसियो चौकात बसून ओरडायचा, "काय रे सातुको, बायको शहरात ठेवलीस आणि दोरी बांधून हिंडतोस?"

"शिकायला पाठवलीय," सातुर्निनो म्हणायचा. पण चौथ्या पायरीलाच त्याचा हात कमरेकडं जायचा, आणि तिथं दोरी लागली की तो खाली बघायचा. पुढं पुढं त्यानं जड ओझी घेणंच सोडलं.

गेल्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यातल्या नर्सनं त्याला खुर्चीत बसवलं आणि थंडी संपायच्या आत काय ते आवरून घ्या, म्हणाली. तो घरी आला, चार उकडलेले बटाटे खाल्ले आणि लेकीला निरोप धाडला: पट्टा आण.

नेलिदानं अर्ज केले. समितीची बैठक, मग दुसरी बैठक. हा माणूस इकडं वाळत चाललेला, आणि तिकडं सह्या! शेवटी परवानगी आली तेव्हा तो म्हणाला, "मीच येतो. तिला घ्यायला मी नको जायला?" तीन तास बोटीत तो पोट धरून बसला, पण टोपी नवी घातली होती.

संग्रहालयातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी हातमोजे घालून काच उघडली, पट्टा मऊ कापडावर ठेवला. काय सुंदर दिसत होता! उडालेली डोकीसुद्धा विणून परत बसवली होती. खाली पाटीवर असुंताचं नाव. नेलिदाचा ऊर भरून आला. "बघा तायता, नव्यासारखा."

सातुर्निनोनं पट्टा उचलला आणि त्याचा हात थबकला. हलका लागला. त्यानं तो उलटा केला. आत पांढरं सुती कापड.

"आतलं कुठाय?"

"अस्तर ना? ते सगळं केसांचं होतं हो," बाई म्हणाल्या. "तेलकट, कसर लागलेलं. बाकीच्या कापडांना लागली असती. काढून जाळून टाकलं. आता दोनशे वर्षं याला काही होत नाही."

नेलिदाला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडं एक कागद आला होता: खराब अस्तर काढण्यास वारसांची हरकत नाही. परीक्षांचे दिवस होते. पेपरांच्या गठ्ठ्यावरच ठेवून तिनं सही केली होती.

"तायता, सही माझीच आहे. मी वाचलंच नाही हो. मारा मला, पण गप्प राहू नका."

त्यानं मारलं नाही. आता आपल्याला कोण ओळखणार, हेही विचारलं नाही. पट्टा त्यानं कापडावर परत ठेवला.

"पोरी, आई गेल्यावर पाचव्या दिवशी तिचे कपडे आपण तळ्यावर जाळले. आठवतं? सगळे भोवती उभे होतो. तिनं भिऊ नये म्हणून नावानं हाका मारत होतो. हे जाळलं, तेव्हा कुणी हाक मारली का गं?"

नेलिदानं बाईंकडं बघितलं. बाईंनी मान खाली घातली. "मागच्या अंगणात जाळलं," त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्या कचऱ्याबरोबर."

तो विचारत विचारत मागच्या अंगणात गेला. तिथं एक काळं पडलेलं पिंप होतं, आत अर्धवट जळलेले खोके. त्यानं टोपी काढली.

"असुंता!" तो ओरडला. खिडक्यांतून लोक बघायला लागले. "ए असुंता! भिऊ नको गं. आलो मी. मला उशीर झाला."

दारात उभ्या असलेल्या नेलिदालाही हाक मारायची होती. दोनदा तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.